सणाखालची जमीन



 बंगळुरात मराठी माणसांनी एकत्र यावे आणि मराठीत काही ऐकावे, ही गोष्ट या शहराला नवी नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ रचला तो राजांच्याच दरबारात. राजांचे चिरंजीव एकोजी यांनी काडु मल्लेश्वराच्या देवळाला गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे, आणि आपल्यापैकी अनेकजण ज्या मल्लेश्वरम भागात राहतात, त्याचे नाव याच देवावरून पडले. तेव्हा आपण इथले पाहुणेही आहोत आणि घरचेही आहोत. या दुहेरी नात्यामुळेच आजचा विषय मला इथे मांडावासा वाटला.

विषय असा आहे: आपण आज जे सण हौसेने साजरे करतो, त्यांच्या मुळाशी काय आहे? पोथ्या आणि पुराणे, बायबल आणि चर्च यांच्या आधी माणसे कशाची पूजा करत होती, आणि त्या पूजेतले आजच्या सणात काय उरले आहे?

हल्ली हा प्रश्न मोबाइलवर चुटकीसरशी निकालात निघतो. डिसेंबर उजाडला की ‘नाताळ मुळात सूर्याचा सण, चर्चने तो चोरला’ असा निरोप फिरू लागतो. वसंतात ‘ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार देवी’ असा दुसरा येतो. आपल्या सणांबद्दलही तेच चालते. हा देव मूळचा आमचा, तुम्ही बळकावला. ही जत्रा आमची, तुम्ही तिच्यात घुसलात. अशा प्रत्येक निरोपामागे एक समजूत असते. मूळ सापडले की मालकी ठरली, आणि मालकी ठरली की दुसऱ्याला दाराबाहेर काढायला आपण मोकळे झालो.

माझा अनुभव आणि माझा अभ्यास याच्या उलट सांगतो. सणाच्या मुळाकडे जितके खाली जावे, तितके मालक कमी होत जातात आणि राबणारे हात वाढत जातात. तळाशी माती लागते, पाणी लागते. गुरे, नवे धान्य, बाळंतपण आणि रोगराई लागते. या गोष्टी कुणा एका जातीच्या, धर्माच्या किंवा भाषेच्या कधीच नव्हत्या. एवढे एकच आज मला पटवून द्यायचे आहे, आणि त्यासाठी मी बहुतेक दाखले याच शहरातले घेणार आहे.

आधी थोडे युरोपकडे पाहू, कारण हा वाद तिथे फार जुना आहे. रोमचा सम्राट ऑरेलियन याने इ.स. २७४ मध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले. रोममध्येच ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगात २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस नोंदला आहे, आणि त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका यादीत तोच दिवस ख्रिस्ताच्या जन्माचा म्हणून दिला आहे. आता यातून चोरी सिद्ध होते का? काही विद्वान म्हणतात, सूर्याच्या सणावर ख्रिस्तजन्म बेतला गेला. काही म्हणतात, ख्रिस्ताची गर्भधारणा २५ मार्चला झाली असे आधी ठरले आणि तिथून नऊ महिने मोजल्यावर २५ डिसेंबर आपोआप आला. दोन्ही बाजूंना आधार आहे. ईस्टरचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. ‘इओस्त्रे’ नावाची देवी होती आणि तिच्या नावाचा महिना होता, असे बीड नावाच्या इंग्रज साधूने ७२५ च्या सुमारास लिहून ठेवले. त्याच्या आधीचा लेखी पुरावा नाही, आणि इश्तारशी जोडलेला संबंध तर केवळ उच्चाराच्या साम्यावर उभा आहे. ज्याला सगळे ‘आदिम’ म्हणतात तो नाताळचा सजवलेला वृक्षही सोळाव्या शतकातल्या जर्मनीपलीकडे मागे नेणे अवघड आहे.

मात्र एक कागद असा आहे की त्याबद्दल शंका नाही. ६०१ साली पोप पहिला ग्रेगरी याने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस नावाच्या धर्मगुरूला पत्र पाठवले. त्याचा आशय असा: मूर्ती मोडा, पण त्यांची देवळे पाडू नका. तिथे तीर्थ शिंपडा, वेदी उभारा. लोक ज्या जागी जायला सरावले आहेत, तिथेच त्यांना येऊ द्या. ते बैल कापत असतील, तर संतांच्या सणाला चर्चभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून तिथे जेवण करू द्या. बीडनेच हे पत्र जपून ठेवले. मला ते फार मोलाचे वाटते, कारण सण कसा टिकतो हे त्यात दिसते. देवाचे नाव बदलले तरी जागा, दिवस आणि जेवण या तीन गोष्टी माणसे सहजासहजी सोडत नाहीत.

आपल्याकडे असे पत्र कुणी लिहिले नाही. आपल्याकडे देवांची लग्ने लागली. खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा वाण्यांची, दुसरी बाणाई धनगरांची. जेजुरीला जाणारा प्रत्येकजण ही कथा जाणतो, आणि दोन समाज एका देवापाशी कसे आले हेही तिच्यातूनच जाणतो. तोच देव कर्नाटकात मैलारलिंग म्हणून नांदतो. आपल्याकडे वाघ्या आहेत, तिकडे काळी घोंगडी पांघरणारे आणि डमरू वाजवणारे गोरव आहेत. सासवडजवळ वीरला माघी पौर्णिमेला म्हस्कोबा आणि जोगेश्वरी यांचे लग्न लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले आणि पुण्यात राहून गणित करता करता डोंगरवाटा तुडवत राहिले. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात त्यांनी दाखवले की अशी लग्ने म्हणजे माणसांच्या टोळ्या एकमेकींत मिसळल्याच्या खुणा आहेत. तिवाठ्यावरची देवी, तिच्या ठाण्याजवळ सापडणारी दगडाची बारीक हत्यारे आणि मेंढपाळांची जुनी वाट या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र वाचल्या. गुंथर सोंथायमर या जर्मन विद्वानाने धनगरांबरोबर फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा समजून घेतले. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याला विद्येचा दर्जा मिळवून दिला. आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त आणि ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये मराठी देवांची पावले थेट कर्नाटक-आंध्रापर्यंत काढून दाखवली. पंढरीचा विठोबा मुळात गाईगुरे राखणाऱ्यांचा देव होता, हे मांडताना ढेऱ्यांनी त्याच्यावरचा वारकऱ्यांचा हक्क तसूभरही कमी केला नाही. मूळ कसे शोधावे आणि ते शोधताना कसे वागावे, हे मराठीत कुणाकडून शिकायचे असेल तर ते ढेऱ्यांकडून.

आता बंगळूरकडे येऊ.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री जुन्या पेठेत करग निघतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी या वर्षी जरूर पाहावा. तिगळरपेठेत धर्मरायाचे देऊळ आहे. धर्मराय म्हणजे युधिष्ठिर. पण या देवळातली खरी अधिष्ठात्री द्रौपदी आहे, आणि तिला इथे आदिशक्ती मानतात. उत्सव तिगळ समाजाचा. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या माळी. भाजीपाला, फुले आणि फळबागा यांवर त्यांनी पोट भरले आणि या शहरालाही खाऊ घातले. त्यांची कथा अशी की युद्ध संपल्यावर, पांडव पुढे निघून गेल्यावर तिमिरासुर उठला. तेव्हा द्रौपदीने वीरकुमार निर्माण केले आणि असुराला मारले. वीरकुमारांनी तिला राहण्याची गळ घातली, तेव्हा वर्षातून एकदा येईन असे वचन देऊन ती गेली. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. ती या मातीची आहे.

करग वाहणारा पुजारी पुरुष असतो. तो हळदीच्या रंगाची साडी नेसतो, बांगड्या भरतो, मंगळसूत्र घालतो. फुलांचा उंच करग त्याच्या डोक्यावर असतो, मोगऱ्याने मढलेला. त्याला हात लावायचा नाही. तोल सांभाळत, नाचत, रात्रभर पेठेतून फिरायचे. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार. करग डळमळला तर काय होईल, या धास्तीने अख्खी गल्ली श्वास रोखून असते आणि तो पुढे गेला की माणसे फुले उधळतात.

पण माझ्या दृष्टीने या उत्सवाचा गाभा या रात्रीच्या आधी आहे. त्याला ‘हसी करग’ म्हणतात, म्हणजे ओला, कच्चा करग. मोगऱ्याचा थाट त्यात नाही. न भाजलेल्या मातीचा घट आणि संपंगी तळ्याचा काठ, एवढाच त्याचा पसारा. बागा पिकवणाऱ्या लोकांनी तळ्याकाठी जाऊन देवीला ओल्या मातीतून बोलावणे, यात महाभारताचा धागा नंतर विणला गेला असावा, असे मला वाटते. द्रौपदी आली म्हणून तळे पवित्र झाले असे नसून तळ्याकाठी पुजल्या जाणाऱ्या शक्तीला द्रौपदीचे नाव मिळाले असावे. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण दक्षिणेत घटाची, अंकुराची आणि तळ्याची पूजा किती ठिकाणी आहे हे पाहिले की त्याला बळ मिळते. आपल्या घटस्थापनेत काय करतो आपण? पत्रावळीवर माती पसरतो, धान्य पेरतो, मधे पाण्याचा घट ठेवतो आणि नऊ दिवसांनी आलेले अंकुर डोक्यात किंवा टोपीत खोवतो. प्राचीन ग्रीसमध्येही बायका अ‍ॅडोनिस देवासाठी फुटक्या मडक्यांत बी पेरून ती घराच्या छपरावर ठेवत. कुणी कुणाकडून घेतले हे विचारण्यात अर्थ नाही. बी रुजेल की नाही ही काळजी दोन्हीकडे सारखीच होती.

करगाची दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिरवणुकीच्या वाटेवर तवक्कल मस्तान या सूफी साधूचा दर्गा आहे, आणि करग तिथे थांबतो. २०२२ साली काहींनी ही प्रथा बंद करा अशी मागणी केली. धर्मराय देवस्थानाच्या मंडळींनी परंपरा चालूच राहील असे सांगितले, दर्ग्याच्या लोकांनी स्वागताची तयारी ठेवली, आणि त्या वर्षीही करग दर्ग्यात गेला. ज्यांचा सण आहे त्यांनाच सण कसा असतो हे अधिक कळते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि ते संपंगी तळे? हे शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळाशी ज्याचे नाव जोडले जाते, ते तळे विसाव्या शतकात बुजत गेले. तिथे आज श्रीकंठीरव स्टेडियम आहे. विधी होतो तो उरलेल्या एका लहानशा कुंडापाशी. मॅजेस्टिकच्या बसस्थानकाखाली धर्मांबुधी तळे होते. त्याच्या काठची ग्रामदेवता अण्णम्मा आजही तिथेच आहे, पण पाणी नाही. या मुद्द्याकडे मी शेवटी येईन.

करगाइतकीच बंगळूरची लाडकी गोष्ट म्हणजे कडलेकाई परिषे, बसवनगुडीची भुईमूग जत्रा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या; मापट्याने मोजून देतात, आणि चार पावले चालले की पायाखाली टरफलांचा आवाज येतो. कथा अशी आहे की सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी या गावच्या शेतकऱ्यांचे भुईमुगाचे पीक एक बैल रोज फस्त करी. चिडून एकाने त्याला सोटा मारला. बैल बसला आणि दगड झाला. शेतकऱ्यांना पश्चात्ताप झाला, त्यांनी देऊळ बांधले आणि पहिले पीक त्याला द्यायचे ठरवले. तो दगडी नंदी साधारण साडेचार मीटर उंच आहे. तो वाढतच होता, म्हणून त्याच्या डोक्यावर त्रिशूळ ठोकला, असेही सांगतात.

इथे अभ्यासकाने थांबायला हवे. भुईमूग हे दक्षिण अमेरिकेतले पीक. कोलंबसाच्या आधी ते या भूमीत असणे शक्य नाही, आणि दक्षिण भारतात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड एकोणिसाव्या शतकात वाढली. म्हणजे ही जत्रा ‘अनादिकाळापासून’ भुईमुगाची असू शकत नाही. मग ती खोटी ठरते का? अजिबात नाही. बैलाने पीक खाणे, माणसाने बैलाला मारणे, मग अपराधी वाटून पहिला घास त्याच्यापुढे ठेवणे, हे नांगराइतके जुने आहे. आपल्या बेंदरात आणि पोळ्यात तेच आहे. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवले आणि ज्याला चाबूक मारला, त्याची खांदेमळणी करायची, शिंगे रंगवायची, त्याला पुरणपोळी भरवायची. कोल्हापूर-सांगलीकडे तर ज्येष्ठी पौर्णिमेच्या बेंदराला ‘कर्नाटकी बेंदूर’ असेच म्हणतात, आणि त्याच दिवशी कर्नाटकात ‘कार हुण्णिमे’ असते. बसवनगुडीला भुईमुगाच्या आधी नाचणी किंवा पावटा वाहत असतील, असा माझा तर्क आहे. पीक बदलले, ऋण बदलले नाही. सण जुना असतो तो असा: वरचा जिन्नस कालचा, खालची भावना फार पूर्वीची.

तिसरा दाखला आकाशातला. गवीपुरमच्या गवी गंगाधरेश्वराच्या गुहेत मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी सूर्याचे किरण नंदीच्या शिंगांमधून पिंडीवर पडतात. हजारो माणसे ते पाहायला रांगा लावतात. आता सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला जाऊन मागे फिरतो. म्हणजे १४ जानेवारीला तो क्षितिजावर जिथे मावळतो, तिथेच तो नोव्हेंबरच्या अखेरीसही मावळलेला असतो. तेव्हाही किरण याच वाटेने येतात, पण तेव्हा रांग नसते. सूर्याने दोन संध्याकाळी सारख्याच दिल्या. त्यांतल्या एकीला माणसांनी सण केले. आणखी एक गोष्ट: उत्तरायण खरे सुरू होते डिसेंबरात, संक्रांत येते जानेवारीत. कारण आपली रास नक्षत्रांवर बांधलेली आहे आणि पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, त्यामुळे साधारण ७० वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच वेळी येत. तीळ, गूळ, ऊस, हुरडा, इथले ‘एळ्ळु-बेल्ल’, गुरांना आगीवरून उडी मारायला लावणारे ‘किच्चु हायिसु’ हे सगळे थंडीतल्या सूर्याचे आणि सुगीचे आहे. पंचांग पुढे सरकले, पण सुगी आपल्या जागी राहिली.

आता मी ज्या सणाकडे येतो आहे, तो तुमच्या घरातला आहे. बंगळूरच्या मराठी घरांत भाद्रपदात दोन गौरी भेटतात. शेजारच्या कन्नड घरी गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला, स्वर्णगौरी येते. त्याच दिवशी आपल्याकडे हरतालिका असते. आणि आपली ज्येष्ठा गौरी गणपतीनंतर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर परत जाते. तिथीवर न चालता नक्षत्रावर चालणारी ही देवी गणपतीच्या वेळापत्रकात कधीच पुरती बसलेली नाही. ती कुठे मुखवट्याची असते, कुठे तेरड्याची, कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या पाच-सात खड्यांची. तेरडा पावसात आपोआप उगवतो आणि खडे पाण्यात असतात. देवी शोधायला फार लांब जावे लागत नाही.

कोकणात नवी सून गौरीला ववसा देते. बांबूचे सूप घेतात, त्याला सूत गुंडाळतात, आत वेलीची पाने पसरून त्यावर काकडी, खोबरे, फळे, खण, हळदकुंकू ठेवतात. ती सुपे गौरीपुढे ओवाळतात आणि मग नात्यातल्या थोरांना वाटतात. आता शेजारच्या कन्नड घरात जा. तिथे ‘बागिन’ असते. बांबूचीच दोन सुपे, हळद लावलेली. एकात तांदूळ, डाळ, गूळ, बांगड्या, करंडा, आरसा, कंगवा, खण, नारळ, आणि दुसरे त्यावर उपडे झाकलेले. गौरीला देतात आणि सवाष्णींना देतात. पूजा करणाऱ्या बाईच्या मनगटाला १६ गाठींचा दोरा बांधतात. आपल्याकडे गौरीच्या तिसऱ्या दिवशी १६ पदरी सूत हळदीत रंगवून, मधे फुले-पाने घालून गाठी पाडतात आणि ते पोवते घरात जपून ठेवतात.

सूप म्हणजे धान्य पाखडायचे साधन. बायकांच्या हातातले रोजचे अवजार इथे देवीपुढचे पूजापात्र झाले आहे. ही पूजा कुणी रचली? पोथीकाराने रचली असती तर त्याने तांब्याचे ताट सांगितले असते. ज्यांच्या हातात सूप होते त्यांनीच ती रचली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. कोकणातल्या अनेक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा मासळीचा नैवेद्य असतो, आणि काही घरांत त्या वेळी गणपतीपुढे पडदा ओढतात. त्या पडद्याच्या एका बाजूला पुराण आहे, दुसऱ्या बाजूला त्याच्या आधीचे काहीतरी आहे, आणि घर दोघांचे आहे. कुणी कुणाला हाकलले नाही. मधे कापड धरले आणि दोघांना जेवू घातले.

याच दिवसांत, ८ सप्टेंबरला, शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात मारियामातेच्या जन्माचा सण असतो. आधी नऊ दिवस नोव्हेना. भगवी वस्त्रे नेसलेले यात्रेकरू दूरवरून चालत येतात, माता साडीत असते आणि तिचा रथ निघतो. बंगळूरचे मंगळुरी ख्रिस्ती हाच दिवस ‘मोंती फेस्त’ म्हणून पाळतात. मुले मातेला फुले वाहतात, नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात आणि घरी नव्याचे जेवण होते. कोकणात आपण भाताची लोंबी आणि आंब्याची पाने यांचे ‘नवे’ दारावर बांधतो आणि नवान्न पौर्णिमा करतो. गोव्यात तर शिरगावची लइराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या सख्ख्या बहिणी मानल्या जातात आणि एकीच्या सणाला दुसरीकडून भेट जाते. ग्रेगरीच्या पत्रात एक गोष्ट नव्हती ती इथे आहे. जुने पुसून नवे लिहिण्याऐवजी लोकांनी दोघींना बहिणी ठरवले आणि प्रश्न सोडवला.

आता एक इशारा, आणि तो मी गंभीरपणे देतो. जुने आहे म्हणून सारे चांगले, असे मी म्हणत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला महाराष्ट्रातून, विशेषतः कोल्हापूर-सांगलीकडून लाखो भक्त जातात. ती भक्ती खरी आहे. पण त्याच देवीच्या नावाने गरीब घरांतल्या, बहुतांशी दलित मुलींना देवदासी म्हणून सोडण्याची चाल शतकानुशतके चालली. ती लोकधर्मातली होती, जुनी होती, आणि माणुसकीला काळिमा होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा केला, महाराष्ट्रातही कायदा झाला, आणि दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी, त्यांत स्वतः देवदासी असलेल्या बायकांनीही, त्यासाठी झुंज दिली. मूळ शोधताना असे दुःखही हाती येते. ते लपवणारा अभ्यासक बेइमान ठरतो. प्राचीनपणा कुठल्याही प्रथेला माफी मिळवून देत नाही; तिच्यात कुणाचे रक्त आटले, हे विचारावेच लागते.

तर मित्रहो, या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? तीन गोष्टी मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, पुरावा मागायची सवय. ‘अमुक सण मुळात तमुक’ असे कुणी म्हटले की नोंद कुठली, कोणत्या सालची, एकमेव आहे की आणखी आहेत, हे विचारावे. भुईमूग कधी आला, एवढ्या एका प्रश्नाने किती गोष्टी उलगडतात ते आपण पाहिले. आपल्या बाजूच्या दाव्यालाही हीच कसोटी लावावी.

दुसरी, नोंद. या सभागृहात अशा आज्या आणि मावश्या बसल्या आहेत, ज्यांनी लहानपणी कोकणात, बेळगावात, सोलापुरात ववसा दिला, हादगा खेळला, बैलांच्या पायावर पाणी घातले. त्यांच्या सुनांना ते अर्धे माहीत आहे आणि नातींना मुळीच नाही. इथल्या मंडळांनी गणेशोत्सवात एक दिवस या बायकांना मंचावर बसवावे. सूप त्यांच्या हातात द्यावे, शेजारी बागिन देणाऱ्या कन्नड बायकांना बसवावे आणि दोघींचे चित्रण करून ठेवावे. कुठल्या पानावर काय ठेवतात, सूत किती पदरी, कोण आधी ओवाळते, हे सगळे. ढेऱ्यांच्या आणि दुर्गाबाईंच्या ग्रंथांना पुढची पाने अशीच जोडली जातील.

तिसरी आणि मला सर्वांत तातडीची वाटणारी गोष्ट म्हणजे पाणी. करगाला ओली माती हवी, गौरीला पाणवठ्यावरचे खडे हवेत, गणपतीला शाडू हवी आणि निरोपाला तळे हवे. या शहराने आपली तळी बुजवून बसस्थानके आणि मैदाने केली; जी उरली त्यांत आपण प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणि रासायनिक रंग सोडतो. तळे मेले तर त्याच्या काठी जन्मलेला सण नावापुरता राहील. म्हणून बंगळूरच्या प्रत्येक मराठी घराने आणि मंडळाने यंदापासून ठरवावे की मूर्ती न रंगवलेल्या मातीचीच आणायची, विसर्जन घरच्या बादलीत किंवा हलसूर तळ्यापाशी आहे तशा वेगळ्या कुंडात करायचे, आणि आपल्या भागातल्या एका तळ्याच्या राखणीत वर्षभर हातभार लावायचा. या शहरात जागोजागी नागरिकांनी तळी वाचवण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांत मराठी नावे अधिक दिसली पाहिजेत.

एकोजीराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या एका देवाला गाव दिले तेव्हा, हा देव आपला की परका, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. ज्या गावाचे पाणी पितो त्या गावाच्या देवाला मान द्यायचा, ही रीत त्यांनी पाळली. आपल्याकडे इनाम द्यायला गावे नाहीत. पण इथल्या तळ्यांसाठी, इथल्या माळ्यांच्या सणासाठी आणि शेजारच्या सुपासाठी द्यायला वेळ आहे, श्रम आहेत आणि अभ्यास आहे. तेवढे आपण द्यावे, अशी मी आपल्याला कळकळीची विनंती करतो आणि आपली रजा घेतो.